बसलात का?

हे झालं ते दोन हजार तेवीस साली. पितृपक्ष संपत आला होता, नवरात्र दोन-चार दिवसांवर होतं आणि अलिबागच्या हवेत पाऊस गेल्याची खात्री कुणालाच नव्हती. मनुबाईंनी सकाळचा दुसरा चहा ओट्यापाशी उभ्याउभ्याच घेतला, कप विसळला, पदराला हात पुसले आणि मुलानं, परेशनं, घेऊन दिलेला टॅब पिठाच्या डब्याला टेकवून मेल उघडला. हा त्यांचा रोजचा क्रम. वरच बँकेचा, विम्याचा, दिवाळीतल्या साड्यांच्या सवलतींचा नेहमीचा बाजार भरलेला असायचा, तो त्या आधी झाडून काढत. केर काढल्याशिवाय रांगोळी काढायची नाही अशी त्यांची शिस्त, आणि जुन्या मैत्रिणीचा, हेमालीचा मेल ही रांगोळी. त्या दिवशी मात्र केर काढता काढताच तिचं नाव दिसलं. ‘हेमाली’, त्यापुढे नेहमीचाच मथळा, ‘सुधारित महागाई भत्त्याबाबत’, आणि खाली फिकट अक्षरांत मजकुराचे पहिले शब्द डोकावत होते. ‘मनुमासी, बसलात का?’

हेमालीनं त्यांना जन्मात कधी मासी म्हटलं नव्हतं. म्हणजे लिहिणारी सोनल, तिची मुलगी. पण ‘बसलात का’ हे शब्द सोनलचे नव्हते, ते हेमालीचे होते, आणि हेमालीनं ते ज्या कामासाठी राखून ठेवले होते ते काम मनुबाईंना पक्कं ठाऊक होतं. पुढचं वाचायची त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी टॅब उचलला, दार उघडलं, उंबरठा ओलांडून जिन्याच्या चौकात जाऊन उभ्या राहिल्या, त्या ओळीवर बोट दाबून धरलं आणि मग कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर टेकवलं. ओळ गेली. त्या आत आल्या, टॅब परत पिठाच्या डब्याला टेकवला, न्हाणीघरात गेल्या आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

ओल्या केसांनी बाहेर आल्या तेव्हा त्यांचे यजमान दत्तात्रेय पेपराच्या वरून बघत होते. आयुष्यभर एसटीच्या स्टँडवर गाड्यांच्या वेळा पुकारलेला माणूस; घरातली कुठलीही गोष्ट वेळेआधी किंवा वेळेनंतर झाली की त्यांच्या लक्षात यायची.

“मघाशी तर आंघोळ केलीस गो.”

“हेमाली गेली.”

दत्तात्रेयांनी पेपराची घडी घातली. “कोन बोलला?”

“तिनंच सांगितलं,” मनुबाई म्हणाल्या, आणि हे उत्तर बरोबर आहे असं त्यांना तेव्हाही वाटलं आणि नंतरही.

त्यांचं माहेर पेणच्या खाडीकाठचं, मिठागरवाल्यांचं. तिथं मेल्याचं कार्ड यायचं ते कोपरा फाडलेलं. पोस्टमन ते घरात टाकायचा नाही, अंगणाबाहेरून हाक मारायचा. बापूस पायरीखाली उतरून उभा राहायचा, ओठ हलवत वाचायचा, नाव सांगायचा आणि तिथल्या तिथे कार्डाचे तुकडे करायचा. आई दारात पदर तोंडाला लावून उभी असायची, पण कार्डाला हात लावायची नाही. “मानूस गेला ता समजला. आता कागदाचा घरान काय काम,” असं म्हणून ती पाणी तापवायला वळायची. एवढीशी मनू ते तुकडे वाऱ्यानं कोंड्यांकडे, म्हणजे मिठाच्या वाफ्यांकडे, उडत जाताना बघायची. मिठाच्या पांढऱ्या राशींवर कार्डाचे पिवळट तुकडे, आणि न्हाणीतून येणारा धुराचा वास. दुःखाला तिच्या लेखी तो वास होता. कुणी गेलं की घर धुरानं आणि ओल्या केसांनी भरायचं, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बातमी घरातली होऊन जायची, कागद मात्र घरातला व्हायचा नाही. पुढे सत्तर वर्षांच्या आयुष्यात मनुबाईंनी पुष्कळ रीती सोडल्या, काही हसून सोडल्या, काही भांडून. ही सोडायची वेळ आली नाही, कारण कार्डंच यायची बंद झाली. रीत तशीच हातात राहून गेली होती, जशी एखादी किल्ली कुलूप हरवल्यावरही जुडग्यात राहते. आणि आज हातानं डोक्याला न विचारता ती चालवली होती. चूक काहीच नव्हतं. बाहेर उभं राहायचं, फाडायचं, आंघोळ करायची. सगळं क्रमानं झालं होतं.

दुपारी भात शिजत असताना त्यांना हेमालीचं शेवटचं पत्र परत वाचावंसं वाटलं. गणपतीनंतर आलेलं, त्यात भावनगरच्या मोदकांना तिनं नावं ठेवली होती. त्यांनी टॅब उघडला, नाव लिहिलं, आणि टॅबनं निर्विकारपणे सांगितलं की असं काही नाही. त्यांनी वर बघितलं, खाली बघितलं. चष्मा पुसला. मोदकांचं पत्र नव्हतं. त्याच्या आधीचं, सोनलच्या सासूवरचं, नव्हतं. वादळाच्या वेळचं नव्हतं. दोन हजार पंधरापासूनचं हेमालीचं एकही अक्षर तिथं नव्हतं, आणि त्यांनी स्वतः तिला लिहिलेलंही नव्हतं. कुकरची शिट्टी झाली, आणखी एक झाली, आणि भात लागल्याचा वास आला तरी मनुबाई ओट्याला हात टेकून उभ्या होत्या. तळपायापासून वर गार काहीतरी चढत होतं, भरतीचं पाणी खाजणात चढतं तसं, आवाज न करता.

क्रांती, त्यांची सून, आतल्या खोलीत कामाला बसली होती. तिचं माहेर दिवेआगरचं. वाडीत चार खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या, त्यांची बुकिंगं ती अलिबागहून बघायची. दिवसभर मेल. पुण्याचे लोक विचारायचे समुद्र किती लांब आहे, ठाण्याचे विचारायचे एसी आहे का, आणि क्रांती एकच उत्तर सगळ्यांना चिकटवायची, वर नमस्कार आणि खाली आपली नम्र. तिच्या मेलमध्ये न उघडलेल्या पत्रांचा आकडा इतका फुगला होता की मनुबाईंना ते भांडी न घासता ठेवलेल्या मोरीसारखं वाटायचं. क्रांतीनं टॅब हातात घेतला, दोनदा बोट फिरवलं आणि कपाळाला हात लावला.

“आई, तुम्ही दोघी कायम त्याच एका मेलला उत्तर देत होतात? इतकी वर्षं?”

“मग? नवीन कशाला काढायचा?”

“अहो, तो सगळा एकच गठ्ठा होतो. वरचा एक टाकला की अख्खा गठ्ठा जातो. तुम्ही एक कार्ड फाडायला गेलात आणि ट्रंकच फाडलीत.”

“गेलं?”

“गेलं नाही अजून. डब्यात आहे. महिनाभर राहतं तिथं, मग आपोआप साफ होतं. एका टिचकीत परत आणते.” तिचं बोट खाली येत होतं.

“थांब,” मनुबाई म्हणाल्या. “सगळं येईल?”

“सगळं.”

“आजचं पण?”

क्रांतीनं मान वर केली. “आजचं पण. गठ्ठ्यात आहे ना. नंतर फक्त तेवढं काढून टाकता येईल. पण त्यासाठी उघडावं लागेल.”

“मग राहू दे. फाडलेलं कार्ड जोडून कुणी घरात आणत नाही.”

“आई, हे कार्ड नाहीये.”

“ते मला कळतं,” मनुबाई म्हणाल्या, आणि लागलेला भात खरवडायला गेल्या.

कळत तर होतंच. मेल म्हणजे काय हे त्यांना क्रांतीपेक्षा जास्त कळत होतं असा त्यांचा दावा होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. चौऱ्याहत्तर साली त्या अलिबागच्या टेलिफोन एक्सचेंजला लागल्या, मॅट्रिक झालेली आगरी पोर, कानाला हेडसेट लावलेली. त्याच महिन्यात शेजारच्या खुर्चीवर आली ती हेमाली, रेवदंड्याच्या किराणावाल्यांची. तिच्या बापाला वाटायचं पोरगी गल्ल्यावर बसेल, पोरगी बोर्डावर बसली. समोर भोकांची भिंत, खाली वायरींची रांग, कुठे दिवा लागला की कॉर्ड उचलायची, भोकात घालायची आणि म्हणायचं, “बोला.” सगळा किनारा त्या भिंतीत होता. मुरूड, रेवदंडा, मांडवा, आणि ज्या गावांत पोस्टातच एक फोन होता ती काशीदसारखी गावं. तिथं कुणाला बोलवायचं झालं तर पोस्टातला शिपाई वाडीवर जायचा, माणूस धापा टाकत यायचा, आणि तोवर मुंबईचं टोक आणि गावचं टोक दोन्ही ह्या दोघींच्या बोटांत. नियम एकच होता आणि तो त्यांना पहिल्या दिवशी शिकवला गेला: दोन्ही टोकांनी फोन ठेवल्याशिवाय कॉर्ड काढायची नाही. वेळ संपल्याचं सांगा, पैसे वाढतील म्हणून सांगा, पण कॉर्ड ओढून काढायची नाही. माणूस बोलत असतं.

मेल्याच्या बातम्याही ह्याच कॉर्डांतून जायच्या. तिथं फाडायला काही नसायचं. सुरुवातीला मनूला त्याचाच त्रास व्हायचा; बातमी कानातून आत गेली की बाहेर टाकायला जागाच नाही. संध्याकाळी घरी जाऊन ती उगाचच डोक्यावरून पाणी घ्यायची. एकदा हेमालीनं मुरूडकडचा एक कॉल जोडला, मुंबईहून भावानं भावाला बातमी सांगितली, आणि हेमालीच्या कानात स्टूल पडल्याचा आवाज आला, मग लोंबकळणारा फोन भिंतीवर आपटत राहिल्याचा. ठक, ठक. ती कानाला हात लावून बसून राहिली. त्यानंतर असा कॉल आला की आधी मुंबईच्या माणसाला थांबवायची, आणि गावच्या माणसाला आपल्या त्या गुजराथी गोलाईच्या मराठीत विचारायची, “बसलात का?” तो बसला म्हणाला की मग “बोला.” साहेबांनी एकदा हटकलं, की हे नियमात नाही. हेमाली म्हणाली, “नियमात पडणं पण नाही, साहेब.” हळूहळू किनाऱ्यावर ते पसरलं. ऑपरेटरबाई बसलात का विचारतात म्हणजे काय ते लोकांना कळायला लागलं.

मग हेमालीचं लग्न भावनगरला झालं, तिनं तिकडच्या एक्सचेंजला बदली घेतली, आणि इकडे बोर्ड गेले, आपोआप लागणारे फोन आले. कार्डं काही वर्षं चालली आणि थांबली, भांडण न होता थांबतात तशी. दोन हजार पंधरामध्ये निवृत्तांच्या संघटनेनं महागाई भत्त्याचं परिपत्रक सगळ्यांना मेलनं पाठवलं आणि पाठवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांचे पत्ते वर उघडेच ठेवले. मनुबाई ते पत्ते गाड्यांच्या पाटीसारखे वरून खाली वाचत होत्या, कोण अजून आहे ते बघायला, आणि हेमालीच्या नावाशी आल्या. लिहायचं कसं ह्याचा विचार करत असतानाच मेल वाजला. हेमालीनं त्या परिपत्रकालाच उत्तर दिलं होतं, आणि ते एकटीला द्यायचं सोडून सगळ्यांना दिलं होतं. “मनू, आवाज येतो का?” राज्याराज्यांतल्या निवृत्त ऑपरेटरांनी ते वाचलं, आणि त्यातल्या पुष्कळांनी जुन्या सवयीनं उत्तर पाठवलं: “येतो, बोला.” मनुबाई त्या दिवशी एकट्याच इतक्या हसल्या की दत्तात्रेय आतून बघायला आले.

तेव्हापासून त्याच परिपत्रकाला उत्तरं. मथळा बदलायचा हे दोघींना सुचलं नाही असं नाही; हेमालीनंच लिहिलं होतं, की नवा काढला म्हणजे कॉर्ड काढल्यासारखं होईल. म्हणून गुडघ्यांची दुखणी, सुनांच्या तक्रारी, तुरीच्या डाळीचं ढोकळ्यात काय करायचं, नवऱ्याच्या जाण्याचं हेमालीनं लिहिलेलं एक अत्यंत कोरडं आणि म्हणून वाचवेना असं पत्र, सगळं सुधारित महागाई भत्त्याबाबत. फोन करायची सोय नव्हती. इतकी वर्षं हेडसेट लावलेले हेमालीचे कान गेले होते. “सगळ्यांचं ऐकून झालं,” असं तिनं लिहिलं होतं, “आता मी वाचते.” मनुबाईंनाही ते आवडायचं. फोन माणसाला दारात उभं करतो, आत्ताच्या आत्ता बोल म्हणतो. त्या दुसऱ्या निरोपांमध्ये वाचल्याची निळी खूण उमटते, म्हणजे पलीकडे कुणीतरी चपला न काढता उभंच आहे. मेलला घाई नाही. तो येऊन पडवीत बसतो. आपण भाकऱ्या करून घेतो, दुपार काढतो, आणि मग बोल म्हणतो. वादळाच्या वर्षी टॉवर पडले, बरेच दिवस काही नाही, आणि रेंज आली तेव्हा हेमालीचे मेल एकाखाली एक बसलेले होते, कुणी रागावलेलं नव्हतं. फक्त शेवटच्यात लिहिलं होतं, “किल्ला जागेवर आहे ना बघ.”

किल्ल्याचा वाद जुना होता. हेमाली म्हणायची, एक्सचेंजच्या खिडकीतून कुलाबा किल्ला दिसायचा, भरतीचं पाणी तटाला लागलेलं ती ड्यूटीवर बघायची. मनुबाईंचं म्हणणं, त्या खिडकीतून बदामाचं झाड आणि वकिलांच्या सायकली सोडून काहीही दिसत नव्हतं. आठ वर्षांत दोघींपैकी कुणीही एक इंच मागे सरकलं नव्हतं.

हे सगळं आता डब्यात होतं. नवरात्र बसलं, उठलं. मनुबाई कामात होत्या. माळे झाडले, पितळेची भांडी चिंचेनं घासून काढली, चकलीची भाजणी भाजली. भाजणी उभ्यानंच भाजतात, पण त्या निवडणंही उभ्यानं करायला लागल्या. जेवण ओट्यापाशी. चहा खिडकीपाशी. टीव्ही दाराच्या चौकटीला टेकून. गुडघे रात्री ठणकायचे, त्यांना त्या तेल चोळायच्या तेही एक पाय पलंगावर ठेवून. हे आपल्या लक्षात आलं नाही असं त्या पुढे सांगत. पण लक्षात येणं आणि नाव देणं ह्यांत फरक असतो. एखाद्या खुर्चीकडे जाताना मध्येच काहीतरी आठवायचं, मीठ, कपडे, दूध. टॅब पिठाच्या डब्याला टेकलेला असायचा आणि त्यात कुठेतरी, चित्रातल्या त्या इवल्याशा डब्यात, हेमाली पडून होती, आणि तिच्यावर तो न उघडलेला मेल. महिना सरत चालला होता. कधी वाटायचं, बरंच आहे, तुकडे वाऱ्यावर जातील. कधी वाटायचं, वारा नाही तिथं, तुकडे जाणार कुठं.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी दत्तात्रेयांनी खुर्ची ओढून त्यांच्या मागं ठेवली.

“बस गो जरा. वडापच्या गाडीची वाट बघल्यासारकी उबी हायस पंधरा दिस.”

“न्हाय बसत,” मनुबाई म्हणाल्या.

आणि तोंडातून निघालेले ते शब्द त्यांना आपले वाटले नाहीत. ते त्यांनी ऐकले होते. कुठे ऐकले ते आठवायला वेळ लागला नाही. कॉर्ड आपोआप त्या भोकात गेली. काशीदचा कॉल. मुंबईहून एका बाईच्या दिराचा, तिच्या गोदीत कामाला असलेल्या नवऱ्याची बातमी घेऊन. हेमालीच्या बोर्डावर दिवे जास्त होते म्हणून मनूही त्या लाइनवर होती. पोस्टातला शिपाई बाईला घेऊन आला, तिचा श्वास ऐकू येत होता, मागं समुद्राचा आवाज. हेमालीनं विचारलं, “बसलात का?” बाईनं आधी धाप आवरली. मग म्हणाली, “न्हाय बसत.” हेमाली म्हणाली, “बाई, बसा.” ती म्हणाली, “न्हाय. बसले का तू सांगशील.” मुंबईचा माणूस रडायला लागला होता, त्याला ऐकू जात नव्हतं की इकडे काय चाललंय. वेळ संपल्याचं सांगायचं होतं, हेमालीनं सांगितलं नाही. साहेब मागं येऊन उभे राहिले, ती वळली नाही. दुसऱ्या लाइनींवर दिवे लागत राहिले ते मनूनं आपल्याकडे ओढले आणि एका कानानं ती तो समुद्र ऐकत राहिली. त्या बाईला किती उभं राहायचं ते राहू दे, असं हेमालीच्या पाठीनं ठरवलेलं होतं. कॉर्डवरचा तिचा हात मनूला आत्ताही दिसला, नखाला हळद लागलेली. मग कितीतरी वेळानं त्या टोकाला लाकूड करकरलं. आणि बाई म्हणाली, अगदी साध्या आवाजात, शेजारणीला म्हणावं तसं, “बसले. बोल.”

मनुबाईंना एकदम कळलं की आपण कुठल्या टोकाला आहोत. इतके दिवस त्या स्वतःला पायरीखाली कार्ड फाडणारा बापूस समजत होत्या, आणि त्या तर पोस्टातल्या स्टुलापाशी उभ्या होत्या. फाडायला कार्ड आलंच नव्हतं. कॉल आला होता. आणि कॉल आला आहे म्हणजे कुणीतरी लाइन धरून बसलं आहे.

“क्रांती,” त्यांनी हाक मारली. “तो डबा उघड.”

क्रांती ओल्या हातांनी आली. तिनं एक शब्द विचारला नाही, आणि ह्यासाठी मनुबाईंनी तिला पुढे पुष्कळ माफ केलं. एक टिचकी, आणि गठ्ठा जागेवर आला, मोदकांसकट, वादळासकट.

“उंबऱ्याबाहेर नेऊ का?” क्रांतीनं विचारलं.

“नको. इथंच दे.”

दत्तात्रेयांनी ठेवलेली खुर्ची तिथंच होती. मनुबाई बसल्या. गुडघ्यांनी आवाज केला, मग कमरेनं, आणि इतक्या दिवसांचा सगळा भार एकदम खुर्चीत उतरला तशी ती करकरली. हातातला टॅब जड लागला. त्यांनी मेल उघडला. त्यात काही नव्हतं. म्हणजे फार काही नव्हतं. ‘मनुमासी, बसलात का?’ इंग्रजी अक्षरांतलं मराठी, आणि खाली त्याच अक्षरांत दोन ओळी, हेमालीमुळे मनुबाईंना कळणाऱ्या गुजराथीत: मम्मीनं सांगून ठेवलंय की तुम्हाला एवढंच लिहायचं आणि तुमचं उत्तर आल्याशिवाय पुढे लिहायचं नाही. मी थांबते.

पंधरवडा उलटून गेला होता. भावनगरला तेरावं होऊन गेलं असेल, आलेली माणसं गेली असतील, आणि ती पोरगी कशासाठी ते पुरतं माहीत नसताना आईची कॉर्ड धरून बसली होती.

मनुबाईंनी बोटानं एकेक अक्षर शोधून लिहिलं, “बसले. बोल.” आणि पाठवलं.

उत्तर इतक्या लवकर आलं की मेलला घाई नसते हे आपलं मत त्यांना तेवढ्यापुरतं बाजूला ठेवावं लागलं. सोनलनं सगळं लिहिलं होतं. रविवारी जेवून मम्मी हिंडोळ्यावर बसली, पायानं एक झोका दिला, झोका थांबला तेव्हा ती नव्हती. दुखलं काही नाही. मासी, ती बसलेलीच होती, असं सोनलनं लिहिलं होतं. आणि खाली, वेगळ्या ओळीत: आदल्या आठवड्यात तिनं मला तुमच्यासाठी एक निरोप लिहून घ्यायला लावला. किल्ला दिसायचा, असं मनूला सांग.

मनुबाईंचे डोळे तेव्हा भरून आले, आणि भरलेल्या डोळ्यांनीच, चष्मा वर सरकवून, त्यांनी लिहिलं, “सोनल बेटा, तुझी आई फार चांगली होती. किल्ला दिसत नव्हता.” मग आत हाक मारून त्यांनी चहा मागितला, आणि तो बसून प्यायल्या.

त्याला आता बरेच दिवस झाले. परेश अजून मांडव्याच्या बोटीनं जातो-येतो आणि ह्यातलं त्याला फारसं माहीत नाही. दत्तात्रेयांनी मेल शिकायचं ठरवलं, शिकले, आणि स्टँडवरच्या जुन्या मित्रांना रोज सकाळी गुलाबाचं चित्र पाठवायला लागले. ते सगळ्यांचे पत्ते वर उघडेच ठेवतात आणि मनुबाई त्यांना कधी टोकत नाहीत. क्रांतीच्या माहेरच्या खोल्या चारच्या सहा झाल्या. पाहुण्यांना ती अजून तेच उत्तर चिकटवते, पण एका म्हाताऱ्या जोडप्याला तिनं स्वतःहून लिहिलं की वाळूत खुर्ची ठेवलेली आहे, असं मनुबाईंनी तिच्या खांद्यावरून वाचलं. सोनलनं आईचा पत्ता बंद केला नाही. ती त्यावरूनच लिहिते, महागाई भत्त्याबाबतच लिहिते, आणि तिचं मराठी सुधारत चाललं आहे.

पुढच्या माघात ती अलिबागला आली. एक्सचेंजची ती इमारत केव्हाच गेली, बदामही गेला. तिथं आता चार मजली इमारत आहे आणि तिसऱ्या मजल्यावर दातांचा दवाखाना. दोघी जिना चढून गेल्या, मनुबाई मध्ये दोनदा थांबल्या. दवाखान्याच्या खिडकीतून गच्च्या दिसत होत्या, पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, आणि त्यांच्या पलीकडे, भरतीच्या पाण्यात, स्वच्छ, किल्ला.

सोनलनं फक्त मासीकडे बघितलं, अगदी आईसारखं, मान जराशी तिरपी करून.

मनुबाई बाकावर बसल्या, श्वास खाली येऊ दिला, आणि पुरतं बघून घेतल्यावर म्हणाल्या, “हं. पण आम्ही तळमजल्यावर बसायचो.”